टाचेवरचा माणूस

कंपनीनं आम्हाला शरीर दिलं ते गेल्या वर्षी. त्याआधी आमच्याकडं नुसते हातपाय होते. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये पत्रा आत सरकवायला आणि वाकलेला बाहेर ओढायला तेवढे पुरत होते.

मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली. इकडं आल्यावर कबड्डीही सुटली असती, पण कंपनीच्या संघाला चढाईला जाणारा गडी हवा होता. ठेकेदाराच्या माणसानं गेटवरच सांगितलं, "भावा, निगडीच्या स्पर्धेतून कप आणा. खेळाडूला कंपनी परमनंट करती." मी लगेच त्याचे आभार मानले. मला सवयच आहे. कुणी 'बाजूला हो' म्हटलं तरी मी थँक्यू म्हणतो. ठेक्यावरच्या माणसाला दर काही महिन्यांनी ब्रेक मिळतो. म्हणजे गेटपास जमा करायचा, खोलीवर बसायचं आणि फोनकडं बघायचं. परमनंट झालो की हे बघणं संपणार होतं. आईला तर मी सांगूनही टाकलं होतं.

कप हवा म्हणून एचआर मॅडमनी एक सर आणले. हे सर माणच्या आयटी पार्कात आयटीवाल्यांना शिकवायचे. खुर्चीत बसून बसून ज्यांना आपल्याला पाय आहेत याचाच विसर पडतो, त्यांना ते आठवण करून द्यायचे. काम पुण्याचंच. आम्हाला मात्र त्यांनी शिफ्ट सुटल्यावर कँटीनमध्ये उभं केलं आणि म्हणाले, "डोळे मिटा. पाय जमिनीला कुठे टेकलेत ते अनुभवा. पायांशी बोला."

शेजारी आमचा कॅप्टन होता, बीडचा, वेल्डिंगवाला. दिवसभर उभं राहून आलेला. डोळे मिटलेलेच ठेवून तो म्हणाला, "सर, पायच सकाळपासून बोलायलेत. त्यांना गप बसवायचं काही असंल तर ते शिकवा."

सर हसले. आयटीत अशा वेळी हसायची पद्धत असावी.

मग टेबलं भिंतीला लावून आम्हाला उताणं पाडलं. "एकेक अवयव सैल सोडा," सर म्हणाले आणि उजव्या पायाच्या अंगठ्यापासून निघाले. ते गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत अख्खा संघ घोरत होता. मी तेवढा जागा होतो, झोपलो तर संघातून काढतील या भीतीनं. सर मॅडमना हळूच म्हणाले, "बघा, किती खोल गेलेत!" मॅडमनी फोटो काढला. तो आता रिसेप्शनमध्ये लावलाय. पाहुण्यांना वाटतं, केवढी ही शांती.

एक गोष्ट मात्र सरांनी बरोबर पकडली, ती नाकारून चालणार नाही. एकदा त्यांनी आम्हाला अगदी सावकाश चालायला लावलं. मला थांबवून म्हणाले, "तुमचं वजन टाचेवर असतं. पुढे जातानाही तुम्ही मागे जायच्या तयारीत असता."

माझी चोरी सापडावी तसं झालं. मग मी स्वतःवर लक्ष ठेवलं. वॉचमनला पास दाखवताना मी टाचेवर, सुपरवायझर आला की टाचेवर, खोलीमालकासमोर तर टाचेच्याही मागं. चढाईला गेलो की समोरचे गडी माझा पाय बघूनच ओळखत असणार, हा काही आत घुसत नाही.

मी चवड्यांवर वजन घ्यायचा सराव सुरू केला. शॉपमधल्या पिवळ्या पट्ट्यावरून जपून चालत होतो, तेवढ्यात सुपरवायझर ओरडला, "काय रे, नवरी व्हय तू? उचल पाय!"

"साहेब, पायाशी बोलायलाय त्यो," कॅप्टन लांबून म्हणाला. "लाइन बिझी हाय."

पण फरक पडला. निगडीत मी हात लावून परत यायला लागलो. आम्ही फायनलला पोचलो. मॅडमना वाटलं, कँटीनमधल्या झोपेचाच हा गुण.

फायनलची शेवटची चढाई माझ्याकडं आली. एका गुणाचा खेळ होता. मी आत घुसून कोपऱ्यातल्या गड्याला शिवलो, वळलो, तोच दोघांनी घोटा धरला. मी आडवा पडलो. मध्यरेषा बोटभर लांब. तोंडात कबड्डी-कबड्डी चालू, हात सरकतोय. आणि बाहेरून सर ओरडले, "श्वास! श्वास घ्या! खोल!"

चढाईत दम तुटला की गडी बाद. हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण नावाची पट्टी लावलेला शर्ट घालून कुणी हुकूम सोडला आणि मी तो मोडला, असं चाकणला आल्यापासून झालेलं नाही. मी श्वास घेतला. नाकानं, सावकाश, पोटापर्यंत. पंचांची शिट्टी वाजली.

"सर म्हणले, श्वास घे," मी कॅप्टनला सांगितलं.

"आणखी काही म्हणले न्हाईत हे नशीब," तो म्हणाला.

बक्षीस समारंभात मॅडम बोलल्या, "हार-जीत महत्त्वाची नाही, जाणीव महत्त्वाची." सरांचं कॉन्ट्रॅक्ट वर्षभरासाठी वाढलं. मला ब्रेक लागला. जाणीव झाली.

शेवटच्या दिवशी गेटवर ठेकेदाराच्या माणसानं हात पुढं केला. "पास दे. गरज लागली की फोन करतो."

थँक्यू तोंडात आलंच होतं. त्याच वेळी मला कळलं, माझ्या टाचा जमिनीत रुतल्यात आणि बाकीचं शरीर निघून चाललंय. मी वजन चवड्यांवर आणलं आणि मधे श्वास न घेता बोललो, "थँक्यू भाऊ पण कप आणा तुम्हीच म्हणला होता आम्ही संघ फायनलपर्यंत नेला आता परमनंट ऱ्हाऊ द्या पण परत कधी घेणार ती तारीख सांगा त्याशिवाय मी पास देत नाही आन् इथून हलत नाही." मधे दम घेतला असता तर मी माफी मागून मोकळा झालो असतो, हे मला पक्कं माहीत होतं.

मागं रांग तुंबली. कुणीतरी म्हणालं, "सांगा की राव, जाऊ द्या आम्हाला."

त्यानं रांगेकडं बघितलं. मग म्हणाला, "एक तारखेला ये."

एक तारखेला त्यांनी घेतलं. ठेक्यावरच. आईला वाटतं मी परमनंट आहे, आणि मी तिला अजून काही बोललेलो नाही. तिथं अजून वजन टाचेवरच जातं. सर आठवड्यातून एकदा कँटीनमध्ये येतात आणि श्वास घ्या म्हणतात. सगळे घेतात. मी आधी बघतो, मी मध्यरेषेच्या अलीकडं आहे की पलीकडं.