डोहावरचा अबोला

मरळ पकडायला फार सामान लागत नाही. बांबूची काठी, जाड तंगूस, मजबूत गळ आणि एक जिवंत बेडूक. त्याशिवाय तासन्‌तास बसून राहण्याची तयारी. ती माझ्याकडे भरपूर होती, कारण घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं.

ही सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, करडीच्या बाजूला. गावाच्या वर नदीवर लहानसं धरण झालं होतं आणि त्याच्या भिंतीखाली, पाणी पडून पडून, एक डोह तयार झाला होता. उन्हाळ्यात बाकी नदी म्हणजे वाळू आणि घोटाभर पाण्याची धार. डोह मात्र काळा, खोल. त्यात एक मोठा मरळ राहत होता. हवा घ्यायला तो अधूनमधून वर यायचा, पाण्यावर एक जड वर्तुळ उमटायचं आणि विरून जायचं. गावात बऱ्याच जणांनी त्याच्यासाठी गरी टाकून पाहिली होती. शेवटी दोघंच उरलो होतो. अलीकडच्या काठावर मी, पलीकडच्या काठावर माझा मोठा भाऊ.

आमचा अबोला होता. वडील गेल्यावर वाटणी झाली. शेत वाटलं, बैल वाटले, घरात मधोमध कुडाची भिंत घातली. शेताला पाणी पुरवणारी बोडी तेवढी वाटता येत नव्हती. तिचं पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांदीत जाणार, यावरून एका दुपारी आम्ही एकमेकांना नको ते बोललो आणि त्यानंतर बोलणंच थांबलं. कुडापलीकडून त्याचा खोकला ऐकू यायचा, वहिनीने फोडणी दिलेली कळायची. इकडे मी एका माणसापुरता भात टाकायचो. एका माणसाचा भात नीट शिजत नाही, हे मला तेव्हा समजलं. खाली तरी लागतो, नाहीतर कच्चा तरी राहतो.

आमच्याकडे अबोल्याचेही नियम असतात. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी थेट बोलायचं नाही. पण तो ऐकत असताना तिसऱ्याशी बोललेलं चालतं. तिसरा म्हणजे लहान पोर, बैल, कोणीही. डोहावर आमचा तिसरा होता गावातला एक मोकाट पिवळा कुत्रा. मासळीच्या आशेनं तो धार ओलांडून कधी त्याच्याजवळ बसायचा, कधी माझ्याजवळ. "कुत्र्या, त्याले सांग, गरी माझ्या आंगावर नको टाकू," असं भाऊ म्हणायचा. "त्याले म्हनाव, नदी त्याच्या एकट्याची नोहे," असं मी म्हणायचो. दिवसभरात मी कोणाशी बोललो असेन तर बरेचदा एवढंच. राइस मिलमध्ये माझं काम पोत्यांची नोंद ठेवण्याचं होतं, आणि मिल चालू असताना तिथे कोणाचं बोलणं ऐकूच येत नसे.

त्या वर्षी मामानं साकोलीची मुलगी पाहिली. मुलगी मला पसंत होती, मी तिला. साक्षगंध रविवारी ठरलं. पण मुलीच्या वडलांनी निरोप पाठवला: मोठा भाऊ हयात असताना तो आल्याशिवाय आम्ही कुंकू लावणार नाही, उद्या लेकीला काही कमीजास्त झालं तर आम्ही कोणाकडे पाहायचं? त्यांचं चूक नव्हतं. मला कामांची यादी करायची सवय आहे, तशी मी भावाशी बोलू शकतील अशा माणसांची यादी केली. पोलीस पाटील म्हणाले, घरचं घरात पाहा. मामा म्हणाला, "मी नाही बाबा त्याच्या दारात जात, मागच्या खेपेले त्यानं मले पानीसुद्धा विचारलं नोहोतं." वहिनी माझ्याशी बोलायची, पण तो घरी नसताना, आणि त्याच्यापुढे माझा विषय काढायची तिची हिंमत नव्हती. शुक्रवारपर्यंत यादीतली सगळी नावं खोडून झाली.

शुक्रवारी दुपारी मी डोहावर गेलो. तो आधीच पलीकडे होता. कुत्रा माझ्याजवळ येऊन झोपला.

खालच्या गावांसाठी त्या दिवसांत दुपारनंतर धरणाचं पाणी सोडत. आधी चौकीदार भिंतीवरून शिट्टी मारायचा. मग थोड्याच वेळात धार कमरेच्या वर जायची आणि दिवस मावळेपर्यंत नदी ओलांडता येत नसे. शिट्टी व्हायला आणि भावाची काठी वाकायला एकच गाठ पडली. तंगूस डोहात ताणला गेला आणि मरळ खालच्या खडकांकडे धावला. भावाचा काठ उभा, कड्यासारखा. वरून त्याला ओढता येईना आणि काठी सोडून खाली उतरता येईना. मी उभा राहून पाहत होतो.

"अबे, पाहून काय राहिला? धर ना!"

हे त्यानं कुत्र्याला म्हटलं नव्हतं.

मी धावलो. धार तेव्हा गुडघ्याला होती. खडकांच्या फटीत मरळ घुसायच्या आधी मी खांद्यावरचा दुपट्टा त्याच्या अंगावर टाकला आणि छातीशी आवळून धरला. लहान पोराएवढं वजन, आणि सगळं वजन निसटायला पाहणारं. मागे वळलो तर पाणी मांडीला लागलं होतं. अलीकडे परतणं शक्य नव्हतं. भावानं वरून हात दिला, मी त्याच्या काठावर चढलो.

मरळ गवतात पडला होता. आम्ही दोघं त्याच्या दोन बाजूंना बसलो. आता बोलायचं कसं? कुत्रा माझ्या काठावरच राहिला होता, कान उभे करून आमच्याकडे पाहत. मधे नदी भरून वाहत होती.

मग भावानं तोंडाभोवती हात धरले आणि नदीपल्याड ओरडला, "काय बे कुत्र्या! त्याले म्हनाव, दुपट्टा पिळून टाक. सर्दी होईन!"

मीही ओरडलो, "त्याले सांग, सर्दीनं मरत नाही मी!"

"मरशीन त साकोलीले कोन जाईन?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुले कसं मालूम?"

तो नदीकडे पाहत राहिला. मी चूक सुधारली, कुत्र्याकडे तोंड केलं आणि तेच पुन्हा ओरडलो.

"कुडातून सारं आयकू येते म्हनाव! तो भात जाळते, तेबी आयकू येते!"

कुत्र्यानं शेपूट हलवली. मी एकदाचं सगळं ओरडून टाकलं: रविवारी, सकाळच्या बसनं, पोरीचा बाप म्हनते मोठ्या मानसाशिवाय कुंकू नाही. पाण्याच्या आवाजात माझा आवाज फाटला. एवढ्या मोठ्यानं मी कित्येक महिन्यांत बोललो नव्हतो.

भावानं विळा काढून मरळ साफ केला, दोन तुकडे केले. मुंडीकडचा पळसाच्या पानावर ठेवून माझ्याकडे सरकवला. वडील असताना मुंडी माझीच असायची. पाणी उतरल्यावर तो आधी ओलांडून गेला, मी मागून. कुत्रा त्याच्या मागे गेला.

शनिवारी कुडापलीकडून काहीच आवाज नव्हता, खोकलासुद्धा नाही.

रविवारी मी एकटाच निघालो. भंडाऱ्याच्या स्टँडवर साकोलीची बस लागली होती. आत चढलो तर पुढच्या बाकावर भाऊ. धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरी टोपी, मांडीवर नारळाची पिशवी. बहुतेक त्यानं गावाहून आधीची गाडी पकडली होती. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती, पण मी मागे जाऊन बसलो. नियम होता तो.

कंडक्टर त्याच्यापाशी आला.

"दोन साकोली," भाऊ म्हणाला. कंडक्टरनं दुसरा कोण म्हणून विचारलं, तेव्हा मागे न पाहता त्यानं अंगठ्यानं माझ्याकडे दाखवलं.

मग तो खिडकीकडे वळला. साकोली येईपर्यंत तो बाहेरच पाहत होता, आणि मी त्याच्या टोपीकडे.