अजून एक ब्लँक

"अजून एक ब्लँक घेऊ या," ताई म्हणायच्या आणि उजव्या हाताचं बोट वर करायच्या. पंगतीत वाढणाऱ्याला 'अर्धीच पोळी' म्हणून खूण करतात ना, अगदी तसं.

ब्लँक म्हणजे मशीनमध्ये काहीच न ठेवता घेतलेलं मोजमाप. शिकागोजवळच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही उल्कांमधला नायट्रोजन मोजत असू. नायट्रोजनचे अणू दोन प्रकारचे, हलके आणि जड. या दोघांचं प्रमाण आपल्या हवेत एका तऱ्हेचं, काही उल्कांमध्ये वेगळंच, आणि सूर्यात नेमकं किती यावर तेव्हा, म्हणजे २००५च्या सुमारास, जाणकारांचे वाद चालू होते. ते प्रमाण हाती आलं, की सूर्य आणि ग्रह कोणत्या ढगातून जन्मले त्याचा थोडा माग लागतो. पण घोडं अडतं ते हवेपाशी. आपल्या भोवतीची हवा म्हणजे बहुतेक नायट्रोजनच. मशीनच्या एखाद्या सांध्यातून ती जराशी आत शिरली, की साडेचार अब्ज वर्षांपूर्वीची वस्तूसुद्धा कालच्या हवेसारखी दिसायला लागते. म्हणून आधी रिकामं मशीन मोजायचं. एक-दोन ब्लँक कुणालाही पुरतात. ताईंना पुरलेले मी कधी पाहिले नाहीत.

घराला कुलूप लावून गाडीपर्यंत आल्यावर गॅस बंद केलाय ना, म्हणून परत वर जाणारी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. ताई त्यातल्या. सकाळी शॉमबर्गहून ड्राइव्ह करून आल्या की कोट अंगावर असतानाच हीलियमची नळी हातात घ्यायच्या. सांध्यांवर हीलियम सोडायचा, कुठे गळती असली तर डिटेक्टर ओरडतो. तो ओरडला नाही, तर त्यांना डिटेक्टरचाच संशय यायचा.

मी नुकताच नागपूरहून पीएचडीला आलेलो. लॅबमध्ये मराठी आम्ही दोघंच. मी त्यांची चेष्टा करायचो आणि त्यांच्या डब्यातली अर्धी उसळ खायचो. "हस तू," त्या म्हणायच्या. "तुझा पहिला सॅम्पल येऊ दे, मग बघते."

त्या हिवाळ्यात प्रोफेसरांनी त्यांना एक कण दिला. उल्केतून वेचून काढलेला, मिठाच्या दाण्याहून लहान. तसा दुसरा आमच्याकडे नव्हता. लेसरने तो वितळवायचा आणि त्यातून निघेल तो वायू मोजायचा. चुकलं तर पुन्हा करायला काही उरत नाही.

ताईंची नोकरी मेअखेर संपत होती. प्रोफेसर भला माणूस, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही: या कणाचा आकडा आला तर पुढची ग्रँट मिळेल, त्यातून पगार निघेल. नाहीतर त्यांचाही नाइलाज होता. नोकरी गेली की व्हिसा गेला. ताईंची मुलगी तिसरीत होती. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र इंग्रजीत द्यायची. घरात त्या दोघीच. पुण्याला परत जायचं म्हणजे नेमकं कुणाच्या घरी जायचं, हे ताईंनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एकदाच म्हणाल्या होत्या, "तिथे मला दार उघडणारं कुणी नाही रे."

जानेवारी गेला, मार्च गेला. कण मशीनच्या काचेखाली पडून होता आणि ताई ब्लँक घेत होत्या. कॅमेऱ्यातून तो काळा ठिपका दिसायचा. पुढे पुढे माझी चेष्टा बंद झाली. सकाळी कोट न काढताच मीही हीलियमची नळी उचलायला लागलो.

शेवटी एप्रिलमध्ये प्रोफेसरांनीच शुक्रवार ठरवून दिला. त्या सकाळचा ब्लँक इतका स्वच्छ आला, की तसा मी आधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, ताई, आता कण घ्या.

"अजून एक घेऊ या," त्या म्हणाल्या. "हा शेवटचा."

तोही तसाच स्वच्छ आला. ब्लँक झाला की पंपाचा व्हॉल्व्ह उघडून आतला वायू काढून टाकायचा, आणि पुढच्या मोजमापाआधी व्हॉल्व्ह बंद करायचा, अशी आमची रीत. ताईंनी व्हॉल्व्ह उघडला. मग उठून सगळ्या सांध्यांवरून एकदा हात फिरवला, परत येऊन बसल्या, डोळे मिटले, उघडले आणि लेसर सुरू केला.

कण लाल झाला, पांढरा झाला, वितळून त्याचा थेंब झाला. आम्ही आकड्याकडे बघत होतो. आकडा जागचा हलला नाही. मला वाटलं, जरा वेळ लागत असेल. मग पंपाची घरघर माझ्या कानात शिरली आणि मी ताईंकडे पाहिलं. त्या आधीच व्हॉल्व्हकडे बघत होत्या.

"उघडाच राहिला रे," त्या म्हणाल्या.

बाहेरची हवा आत येईल म्हणून आम्ही चार महिने धास्तावलो होतो. आतला वायू बाहेर जाईल, हे आमच्या मनातही आलं नव्हतं. मला रडू येत होतं. ताई मात्र हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या होत्या, आणि त्यांच्या त्या स्वस्थपणाचीच मला जास्त भीती वाटली.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, पंपाची नळी बाहेर कुठे निघते. मी त्यांना इमारतीच्या मागे नेलं. भिंतीतून एक वाकडा पाइप बाहेर आलेला, वारा बोचरा. त्या पाइपखाली मान वर करून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग घड्याळ बघून मुलीला शाळेतून आणायला गेल्या.

मेअखेरीस त्यांना विमानतळावर सोडायला मीच गेलो. मुलगी सारखी विचारत होती, "आई, व्हेन आर वी कमिंग बॅक?" ताई तिचे केस सारखे करत राहिल्या. त्या दिवशी त्यांनी काहीच तपासलं नाही. बॅगा नाहीत, तिकिटं नाहीत. पासपोर्ट घेतलेत ना, हेसुद्धा मलाच विचारावं लागलं.