मागच्या नळावरचा चहा

मोठ्या सिस्टर वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. जीभ तिखट, पण वॉर्डातल्या मुलींवर जीव. आणि घात झाला तो त्या मायेपायीच.

त्यांच्या वॉर्डाच्या भिंतीवर सुरक्षेचे नियम ठळक अक्षरांत लावलेले होते. सुई टोचली तर ताबडतोब कळवा, हेही त्यात होतं. एका बिचारीने कळवलंही. तर हॉस्पिटलच्या साहेबांनी तिलाच फैलावर घेतलं, "लक्ष कुठे होतं तुझं?" वर महिनाभर रात्रपाळी. वापरलेल्या सुयांचा डबा ओसंडून वाहतोय, एकेकीच्या डोक्यावर दोघींचं काम आहे, हे विचारायला कुणाला सवड? उलट, वर्षभर अपघात न झालेल्या वॉर्डाला ढाल द्यायची टूम निघाली. झालं! त्या दिवसापासून अपघात बंद. सुया आपल्या टोचतच होत्या.

मग मोठ्या सिस्टरांनी रीत पाडली. जिला टोचेल तिने गुपचूप मागच्या नळावर यायचं. सिस्टर स्वतः बोट धुणार, पट्टी लावणार, गरम चहा करून देणार. "रडू नकोस गं. पी. आणि तोंडातून ब्र काढायचा नाही." मुली म्हणायच्या, "सिस्टर, असा चहा मिळणार असेल तर रोज टोचू दे!" सगळ्या हसायच्या. नशिबाने तोवर कुणाला काही झालंही नव्हतं.

त्याच वॉर्डात त्यांची भाची नर्स म्हणून लागली. भाऊ-वहिनी गेल्यावर सिस्टरांनीच तिला लहानाची मोठी केलेली. स्वतःचं लग्न राहून गेलं, पण पोरीचं ठरवलं होतं. एका सकाळी भाची सलग दुसरी पाळी करत होती. डबा तुडुंब, म्हणून ती वापरलेल्या सुईवर हाताने टोपण बसवायला गेली आणि सुई अंगठ्यात खोल घुसली.

ती नळावर आली तेव्हा तोंड पांढरंफटक. "आत्या, त्या पेशंटच्या रक्ताचा रिपोर्ट अजून यायचाय. मी खाली डॉक्टरांना दाखवू का? लागण होऊ नये म्हणून गोळ्या असतात. पण तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात."

"खुळी का तू? नोकरी अजून कच्ची आहे तुझी. साहेब घरी बसवतील. इतक्या जणींना टोचलं, काय झालं कुणाला?"

"तू म्हणतेस तर राहू दे," भाची म्हणाली, आणि चहा प्यायली. लहानपणापासून आत्याचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

रिपोर्ट आला तोवर आठवडा उलटला होता. सिस्टरांनी तो उभ्या उभ्याच वाचला. पेशंटला एचआयव्ही होता. भाचीचा हात धरून त्या तशाच खाली धावल्या. डॉक्टर म्हणाले, "आज आणता? आता गोळ्या देऊन उपयोग नाही. वाट बघायची." पुढे भाचीच्या रक्तातही तोच आजार निघाला. लग्न मोडलं. आता जन्मभर औषधं घ्यायची.

वर्ष संपलं आणि वॉर्डाला ढाल मिळाली! टाळ्या वाजल्या. सिस्टर मान खाली घालून उभ्या राहिल्या.

पुढच्याच आठवड्यात एक नवी मुलगी बोट दाबत नळावर आली. सिस्टरांनी बोट धुतलं, पण स्टोव्ह पेटवला नाही. मनगट धरून तिला थेट डॉक्टरांकडे ओढत नेलं. "सिस्टर, ढाल जाईल आपली," मुलगी रडत म्हणाली.

"मसणात गेली ती ढाल!"

डॉक्टरांनी तिला लगेच गोळ्या सुरू केल्या. मग सिस्टर साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि आजवर लपवलेलं सगळं बोलून टाकलं. भाचीचंही. ढाल काढून नेली. सिस्टरांची बदली कपड्यांच्या कोठीत झाली. सुयांचे नवे डबे मात्र आले.

संध्याकाळी त्यांनी घरी सगळं सांगितलं आणि सवयीने भाचीपुढे चहाचा कप ठेवला. भाची गोळ्या काढत होती.

"तिला नेलंस ते बरं केलंस, आत्या," ती म्हणाली. कप बाजूला सारला आणि गोळी पाण्याबरोबर गिळली.