शेट म्हणाले, माझी नोंद नको

मंडळी, आज कॅम्प एक भागातल्या एका कापड दुकानात कॉम्प्युटरचं काम होतं. फाइल्स गायब होत होत्या. कोण काय डिलीट करतं, याची नोंद शेटना हवी होती.

"सबका रखो, बस मेरा छोडके."

प्रत्येक युजरसाठी वेगळी सेटिंग करता येते. शेटचं नाव वगळलं, तरी नोंद चालूच. शेट ॲडमिन होते, आणि ॲडमिनला वगळता येत नाही. तसं सांगितलं.

"तो मुझे ॲडमिन से निकालो."

"मग ॲडमिन कोण?"

शेटनी हिशोब बघणाऱ्या ज्योतीताईंकडे बोट दाखवलं. सकाळपासून शेटचा संशय त्यांच्यावरच होता.

"म्हणजे माझी नोंद होणारच ना?" ताई म्हणाल्या. "होऊ दे की."

फाइल्स कोण उडवतंय, हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं?