भाईंदरच्या कोळंबीची माफी

"काय खाल्लं होतं?" हा एकच प्रश्न, हातात वही घेऊन, विचारत मी नोकरीची सगळी वर्षं काढली. अन्नातून पसरणाऱ्या साथींचा माग काढणं हे माझं काम, त्यामुळे लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी कुणी बसत नाही. निवृत्त झाल्यावर ठरवलं, पहिली सहल भाईंदरला, हिरामावशीकडे. माफी मागायला.

झालं होतं असं. मी नवखी असताना तिथल्या कोळीवाड्यात हळदीच्या जेवणानंतर लोक आजारी पडले. त्यांतल्या प्रत्येकाने मावशीच्या हातची कोळंबी खाल्ली होती. मी चारचौघांत बोलून गेले, "कोळंबीच असणार." धडधाकट राहिलेल्यांना दोन दिवसांनी विचारलं, तर त्यांनीही कोळंबी दोनदोनदा घेतलेली! दोष बाहेरून मागवलेल्या कस्टर्डचा निघाला. ते अहवालात गेलं, पण गावात माझं पहिलंच वाक्य राहिलं. मावशीला पुन्हा हळदीच्या स्वयंपाकाला कुणी बोलावलं नाही.

ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने जाणार असाल तर सातच्या आत निघा. मी नऊला निघाले आणि बस ट्रकांच्या मागे अडकल्यावर मावशीसाठी घेतलेली केळी संपवली. मग भाईंदर पूर्वेला केबिन रोडवर उतरून केळ्यांऐवजी साडी घेतली आणि पश्चिमेला जायला रिक्षा केली.

"मॅडम, उधर घूमने का कुछ नहीं है."

"माफी माँगने जा रही हूँ."

त्याने आरशातून पाहिलं. "फिर वेटिंग नहीं करूँगा."

मावशी अंगणात जवळा वाळवत होती. "आली का वही घेऊन?" म्हणाली. मी पाठ केलेली माफी सुरू केली.

"आदी जेव."

तांदळाची भाकरी आणि कोळंबी. सवयीने माझा हात वाटी गरम आहे का ते बघायला गेला.

"आत्ताच उतरवलीय. हातबी धुतल्यात. अजून काय इचारायचं हाय?"

मी तीनदा वाढून घेतलं. अशी कोळंबी इतकी वर्षं माझ्यामुळे हळदीच्या पंगतीबाहेर राहिली, याची फार लाज वाटली. पुन्हा माफीचं काढलं.

"आत्ता न्हाय. तूच सांगून गेली व्हतीस, जेवल्यावर तीन दिस वाट बघायची."

घरी आले. चौथ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"डाक्टरीनबाय, पोट?"

"ठणठणीत."

"मी मासळी बाजारात हाय. स्पीकर लावलाय. आता बोल."

परिषदेत बोलताना उभी राहते, तशी उठून उभी राहिले. "मावशीच्या कोळंबीत काही दोष नव्हता. कधीच नव्हता."

मागून कुणीतरी ओरडलं, "मंग चूक कुनाची व्हती?"

"माझी. मी निम्म्याच गावाला विचारलं होतं."

मग मावशीचा आवाज आला, "आयकलंत ना? आता सांगा, रविवारची हळद कुनाकडं हाय?"