सासूबाईंनी न पाहिलेला झेंडा

सतरा सप्टेंबर जवळ आला की माझं डोकं दुखायला लागतं. आम्ही नळदुर्गात राहतो, मी इथल्याच शाळेत शिकवते, आणि निजामाच्या रझाकारांचा काळ पाहिलेली जी दोन-तीन माणसं गल्लीत उरलीत त्यात माझ्या सासूबाई एक. त्यामुळं मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला त्या स्टेजवर लागतातच, आणि त्यांना तयार करून नेणं माझ्याकडं.

पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा संयोजक घरी येऊन बसले. "आजी, सोलापूरकडून फौज आली, किल्ल्यावर तिरंगा चढला, ते सगळं सांगा."

"म्या कुठं बघितला तिरंगा?" सासूबाई म्हणाल्या. "सात-आठ वर्साची होते. आमी ज्वारीत लपून बसलो होतो. फौज कुणाची हाय तेच कळंना. मग आमची म्हैस सापडंना म्हणून बापाबरुबर हुडकायला निघाले. ती किल्ल्यात गेलती. दरवाज्यावर कुणीच न्हाय. एरवी बापाला तिथं निजामाच्या शिपायांम्होरं खाली मान घालून उभं राहावं लागायचं. त्या दिवशी आमी सरळ आत गेलो, म्हैस घेतली, भायेर आलो."

मी चहा गाळता गाळता थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

संयोजक म्हणाले, "छान आहे आजी. फक्त म्हशीचं तेवढं राहू द्या."

कार्यक्रमात सासूबाईंनी म्हशीचंच सांगितलं. पोरं फिदीफिदी हसली. संयोजकांनी हळूच माईक काढून घेतला आणि "आजींच्या डोळ्यांदेखत किल्ल्यावर तिरंगा फडकला" असं ठोकून दिलं. टाळ्या पडल्या. घरी येऊन मी भांडी आदळली. नवरा म्हणाला, "जाऊ दे, वर्षातनं एकदाच असतं."

पुढच्या वर्षी फलकावरच छापून आलं की सासूबाईंच्या वडिलांनी बुरुजावर झेंडा लावला. मी संयोजकांना गाठलं.

"मॅडम, किल्ला आपल्या स्वातंत्र्याचं प्रतीक आहे," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "तिथं म्हैस कशी दाखवायची?"

ज्या दारात माणूस मान खाली घालायचा, तिथून तो कुणाला न विचारता आत गेला. याहून मोठं काय दाखवायचंय, असं मी म्हणत होते. पण मागं डीजे सुरू झाला आणि ते हातानंच 'नंतर बोलू' अशी खूण करून निघून गेले.

यंदा तर कहर झाला. सासूबाई स्वतःच माईकवर म्हणाल्या, "माझ्या बापानं झेंडा लावला. म्या खाली उभी होते." मैदान दणाणून गेलं. शेजारची बाई डोळे पुसत होती आणि मी दात आवळून बसले होते.

परतताना रिक्षात मी सासूबाईंना विचारलं, "आत्या, हे कधी झालं?"

"खरं सांगितलं की पोरं हसत्यात," त्या बाहेर बघत म्हणाल्या. "माझ्या बापाला कुणी हसलेलं मला चालत न्हाय."

त्यांच्यावर चिडावं तरी पंचाईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तरुण कॅमेरा घेऊन दारात उभे. आजींची मुलाखत घ्यायची होती. त्या झोपल्यात, असं सांगून मी दार लोटणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "झोपले न्हाय ग. बसव त्यान्ला. आन् माझं इरकल लुगडं काढून दे."