कोशाच्या गाठींची माफी

आमच्या घरातला माग एवढा जुना, की भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा तो म्हणाला, "हे काय तुटणं, मी राज्यं तुटताना पाहिली." असं मी सांगते. बाबा म्हणत, "आज्यानं बनवला. बस्स." मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बाबा त्यावर कोसा रेशीम विणत, आणि त्या खटखटीने शेजारच्या काकूंची भांडी फळीवरून उतरून आमच्या अंगणात चालत येत. हेही मीच सांगते.

बाबांच्या साड्या मला इंटरनेटवर विकायच्या होत्या. पण आपल्या धंद्यात आपटण्याआधी दुसऱ्याच्या धंद्यात आपटून पाहावं, असा माझा शहाणा विचार. म्हणून पुण्याच्या एका साडीवाल्या मॅडमची मी व्हर्च्युअल असिस्टंट झाले. म्हणजे आपल्या घरी बसून त्यांच्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचे, तक्रारी निस्तरायच्या.

काकू विचारत, "काहून वो, नोकरी करून राहिली म्हनते, अन् दिसते त घरीच?"

"मॅडमले माह्याबिगर चहा गोड लागत नाही, काकू."

"मंग साखर बी फोनातूनच टाकते का?"

बाबांनी नुकतीच एक साडी मागावरून उतरवली होती. आमच्यात ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, संपला की ते पुरतं कापत नाहीत. मागाच्या फणीत हातभर टोकं लोंबती ठेवतात आणि नव्या ताण्याचं एकेक सूत त्यांना पिळून जोडतात. टोकं आहेत तोवर माग जिवंत. बाबा म्हणाले, "तू शिकून घे. आता तुयाच दुकानाचा ताना चढवीन." साड्या नेणाऱ्या व्यापाऱ्याला त्यांनी नाही म्हणून सांगितलं, टोकांवर जुनं लुगडं पांघरलं आणि वाट पाहत बसले.

रेंज फक्त मागाच्या खोलीत, खिडकीशी. बाकी घरात देवालाही रेंज नव्हती. त्यामुळे माझं सगळं ऑफिस बाबांच्या कानाशी.

मॅडमही कोसाच विकत. बायका हौसेने घेत, आणि घडी मोडली की फोन: धागा कुठे जाड, कुठे बारीक, मध्येच गाठी, साडी खराब आहे. आता किड्याने काढलेला धागा जाडबारीक असणारच. आमच्याकडे तर त्यावरूनच खरा कोसा ओळखतात. पहिल्या बाईंना मी हे समजावलं. लगेच मॅडमचा निरोप आला: वाद घालायचा नाही. माफी मागायची, साडी परत घ्यायची.

मग मी माफी मागायला लागले, आणि कशी! "सॉरी मॅडम, विणणाऱ्याची चूक झाली मॅडम, पुन्हा असं होणार नाही मॅडम." आवाज इतका गोड, की तुमसरच्या बाजारातल्या मुंग्या गूळ सोडून आमच्या खिडकीकडे निघाल्या. मॅडमनी शाबासकी दिली.

बाबा मागाच्या धोट्याला तेल लावत ऐकत. एकदा त्यांनी विचारलं, "त्या बाईचं लुगडं कोनं विनलं?"

"मले काय मालूम, बाबा. असंल कोनी."

"काय चूक केली त्यानं?"

"काही नाही. गाठ होती."

"मंग?"

"मंग काय? गिऱ्हाईक हाय ते."

त्यानंतर ते अंगणात बसू लागले. पण माझा आवाज तिथेही पोचत होता.

धानाची कापणी लागली तेव्हा मी मॅडमचं काम सोडलं. फोटो, पार्सल, तक्रार, सगळं शिकून झालं होतं. बाबांना ते सांगायला खोलीत गेले, तर लुगडं घडी घालून ठेवलेलं, फणी बाहेर काढलेली आणि कापलेल्या टोकांचा ढीग जमिनीवर.

"काहून कापलं बाबा? मी आता आपलं सुरू करून राहिली ना!"

"म्हनूनच कापलं," बाबा म्हणाले. "आतापरेंत दुसऱ्या कोनाच्या चुकीची माफी मागत होती. आता रोज माह्या चुकीची मागशील."

"नाही मागनार! गिऱ्हाइकालेच झाडीन!"

"मंग दुकान कसं चालंल वो बाई?"

 

दुकान मी काढलंच. गिरणीच्या साड्या विकते. सरळ, एकसारखं सूत, भिंग लावून शोधा, गाठ सापडायची नाही. फोनही क्वचित येतो. पार्सलं बाबा बांधून देतात. पूर्वी साडी हातात आली की त्यांचा अंगठा गाठी चाचपत काठावरून फिरायचा. आता ते ती सरळ पिशवीत घालतात.